चपट्या तोंडाची गाडी : थोडा इतिहास, थोडा घरचा हिशेब



उन्हाळ कांदा चाळीत पडला. कांद्याच्या टिपणाऐवजी आज गाडीचं टिपण लिहितोय, कारण घरात आठ दिवस तोच विषय चालू आहे. पुतण्या मोबाईलवर फोटो घेऊन आला. म्हणाला, "तात्या, ही बघा. २०१२ ची गाडी आहे, इंजिन चांगलंय. नॅशनल परमिट संपलं म्हणून मालक स्वस्तात सोडतोय. आपला कांदा आपणच नागपूरला नेऊ. भाडं तरी वाचंल."

फोटो पाहिला. सपाट तोंडाचा, दोन एक्सलचा, सहा टायरचा जुना ट्रक. हेच वाक्य मी २५ वर्षांपूर्वी त्याच्या बापाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मी लगेच हो म्हणालो. या वेळी म्हटलं, आधी सगळं लिहून काढू, मग बोलू.

ट्रक दोन प्रकारचे. एकाला पुढे नाक असतं, म्हणजे इंजिन पुढे बोनेटखाली आणि ड्रायव्हर त्याच्या मागं. दुसरा चपट्या तोंडाचा. त्यात केबिन थेट इंजिनावर बसवलेली असते आणि ड्रायव्हरची सीट पुढच्या चाकावर येते. इंजिनचं झाकण केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध उंचवट्यासारखं. आपल्याकडे त्या झाकणालाच बोनेट म्हणतात. याशिवाय तिसरा एक मधला प्रकार झाला, अर्ध्या नाकाचा. इंजिन थोडं बाहेर, थोडं केबिनमध्ये. जुनी टाटा आठवा, १२१० किंवा १६१३ एसई. आपल्या पिढीला ट्रक म्हटलं की तेच तोंड आठवतं.

सुरुवातीला आपल्या देशात सगळ्या गाड्या नाकाच्याच होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या अमेरिकन गाड्या बरीच वर्षं माल ओढत होत्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो या नावाचे ट्रक निघायचे. आमच्या आजोबांच्या बोलण्यात ट्रक हा शब्द नसायचाच, ते 'फार्गो' म्हणायचे. टाटांनी १९४५ मध्ये जमशेदपूरला टेल्को काढली ती आधी रेल्वे इंजिनांसाठी. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार झाला आणि टाटा मर्सिडीज रस्त्यावर आली. १९६९ पर्यंत त्या गाडीच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता, करार संपला आणि तिथं टाटांचा टी आला. जुने ड्रायव्हर पुढची कितीतरी वर्षं टाटाला मर्सिडीजच म्हणायचे. मद्रासकडे १९४८ मध्ये अशोक मोटर्स निघाली. इंग्लंडच्या लेलँडशी तिचं जमलं आणि १९५५ पासून ती अशोक लेलँड झाली.

टाटाच्या नावातले आकडेही जर्मन पद्धतीचे. पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी आणि माल मिळून किती टन, मागचे दोन म्हणजे हॉर्सपॉवरचा दहावा भाग. १२१० म्हणजे १२ टन आणि १०० च्या आसपास हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. ४०७ चं गणितही असंच, ४ टन आणि ७० हॉर्सपॉवर. एसई म्हणजे अर्ध्या नाकाची, एलपीटी म्हणजे चपटी.

आता नाक कापलं का, ते सांगतो. कायदा गाडीची लांबी बंपरपासून शेपटीपर्यंत मोजतो. ती लांबी ठरलेली असली, तर नाकाला जितकी जागा जाईल तितका हौदा आखूड होतो. नाक कापलं की तेवढा हौदा वाढतो. दुसरं कारण वजनाचं. दोन एक्सलच्या गाडीला बरीच वर्षं एकूण १६.२ टनांची मर्यादा होती, पुढच्या एक्सलवर ६ आणि मागच्यावर १०.२. नाकाच्या गाडीत हौदा मागं सरकतो, त्यामुळं मागचा एक्सल भरून वाहतो आणि पुढचा रिकामा राहतो. चपट्या गाडीत माल पुढं येतो, दोन्ही एक्सल वाटून वजन घेतात. २०१८ च्या जुलैमध्ये ही मर्यादा १८.५ टन झाली, पण गणित तेच आहे.

अमेरिकेत लांबीचे नियम कडक होते तोवर लांब पल्ल्याला हजारो चपट्या गाड्या धावत. १९८२ मध्ये तिथं कायदा बदलला. मोठ्या महामार्गांवर ट्रक-ट्रेलरच्या एकूण लांबीची अट निघाली आणि फक्त ट्रेलरची लांबी मोजू लागले. मग नाकाला जागा मिळाली आणि काही वर्षांत तिथले ड्रायव्हर पुन्हा नाकाच्या गाडीकडे वळले. कारणं सरळ होती : गाडी कमी उडते, गरम कमी होते आणि समोर काहीतरी असतं. युरोपात एकूण लांबी मोजणं चालूच राहिलं, म्हणून तिथं आजही चपटीच. हे वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चपटी गाडी ड्रायव्हरने मागितलेली नव्हती. ती लांबीच्या नियमातून आणि भाड्याच्या हिशेबातून आली.

आपल्याकडे लेलँडच्या गाड्या टाटाच्या बऱ्याच आधी चपट्या झाल्या होत्या. दक्षिणेकडून येणारी गाडी लांबून तोंडावरून ओळखायची : चपटी असली तर लेलँड, नाकाडी असली तर टाटा. मग १९८५-८६ च्या आसपास जपानी गाड्या आल्या. पंजाबात स्वराज माझदा, पिथमपूरला आयशर मित्सुबिशी, उत्तर प्रदेशात डीसीएम टोयोटा, आंध्रात ऑल्विन निस्सान. चारही छोट्या आणि चारही चपट्या. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ४०७ आणली, ती मात्र अर्ध्या नाकाची. त्याच वर्षी मी दहावी पास झालो. भाजीपाला वाशीला रात्रीत पोचवायचं काम ४०७ ने जसं केलं तसं दुसऱ्या कुणी केलं नाही. चार परदेशी नावांपैकी स्वराज माझदा आणि आयशर टिकल्या, बाकीच्या दोन थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या.

दहावीनंतर घरी दोन एकर कोरडवाहू आणि खाणारी तोंडं सात. १९८७ मध्ये मी एका ओळखीच्या मालकाच्या लेलँडवर क्लीनर म्हणून चढलो. पिंपळगावहून कांदा भरायचा आणि आग्रा रोडने दिल्लीच्या आझादपूर मंडीत टाकायचा. राहुडचा घाट, मालेगाव, धुळे, पळासनेर, बिजासनचा घाट, इंदूर, ग्वाल्हेर, चंबळ, आग्रा. बाराशेच्या वर किलोमीटर. तेव्हा या रस्त्याचा नंबर एनएच ३ होता, आता तुकड्यातुकड्याला वेगळे नंबर आहेत.

चपट्या गाडीत क्लीनरची जागा इंजिनाला खेटून. मे महिन्यात पळासनेरजवळ दुपारी त्या झाकणावर हात ठेवता यायचा नाही. आम्ही गोणपाट ओलं करून टाकायचो, अर्ध्या तासात वाळून खडखडीत. पायाची पोटरी भाजून काळी पडायची. डिझेलचा वास कपड्यातून आठ-आठ दिवस जायचा नाही. आणि तोच क्लीनर जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढं धुक्यात त्याच झाकणावर घोंगडी टाकून झोपायचा, तेव्हा नाकाच्या गाडीतले लोक आमच्याकडे बघून जळायचे. धाब्यावरून बांधून घेतलेल्या रोट्या झाकणावर ठेवल्या की पहाटेपर्यंत गरम राहायच्या. पावसात पंपात हवा धरली तर झाकण उघडून आतच बसून काम करता यायचं, भिजायला नको. पण झाकणाचं रबर गेलं, की सगळा धूर आणि आवाज थेट कानात. माझा डावा कान आजही कमी ऐकतो.

चालवायची रीत वेगळी. चाक आपल्याच बुडाखाली असतं, त्यामुळं खड्डा आधी मणक्याला कळतो. नाकाच्या गाडीवरून आलेला ड्रायव्हर सुरुवातीला वळणावर लवकर स्टेअरिंग फिरवतो आणि मागचं चाक खाली उतरवतो. चपट्या गाडीत तोंड वळणात पूर्ण शिरू द्यायचं, मग फिरवायचं. बिजासनच्या वळणांवर याचा फायदा, कारण समोरचा रस्ता अगदी बंपरपर्यंत दिसतो. नाकाच्या गाडीला पुढचे काही फूट अंदाजाने चालवावे लागतात.

नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत असा नियम होता, २०१८ मध्ये तो निघाला. कागदावर आमच्या गाडीतही दोन ड्रायव्हर होते. प्रत्यक्षात दुसरा ड्रायव्हर म्हणजे मी, लायसन्स नसलेला १८ वर्षांचा पोरगा. रात्री दोननंतर उस्ताद झाकणावर आडवा व्हायचा आणि मी हाकायचो. यात अभिमानाचं काही नाही. तेव्हा सर्रास चालायचं आणि त्यात किती पोरं गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुढं लायसन्स काढलं आणि १९९२ पर्यंत ड्रायव्हर म्हणून राहिलो. मग द्राक्षबाग लावली आणि घरी आलो.

आता नॅशनल परमिटची मुख्य गोष्ट. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ८८ नंबरचा नियम आहे. साध्या दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, जास्त एक्सलच्या गाडीला १५ वर्षांनंतर. म्हणजे गाडी चालत असते, पण परराज्यात जाऊ शकत नाही. मोठा ट्रान्सपोर्टवाला ती काढून टाकतो. मग ती घेतो कोण? आपल्यासारखा. वाळूवाला, वीटभट्टीवाला, नाहीतर शेतकरी. गाडीची पहिली १२ वर्षं बाराशे-पंधराशे किलोमीटरच्या फेऱ्यांत जातात आणि जे उरतं ते गावात येतं. आपण ज्याला स्वस्त म्हणतो ते हे उरलेलं.

२००० साली दादाने अशीच १९८७ ची लेलँड आणली. द्राक्षाचे आलेले पैसे आणि उरलेले सावकाराचे. नॅशनल परमिट नाही म्हणून राज्यातच पण लांबच्या फेऱ्या : जाताना कांदा घेऊन नागपूर, येताना वरुडकडची संत्री भरून वाशी. ड्रायव्हर दादा, हंगामात जोडीला मी.

गाडीचं कौतुक करायचं तर हौद्याचं करतो. गावातल्या एका अर्ध्या नाकाच्या टाटाशेजारी उभी करून आम्ही टेप लावला, आमचा हौदा सव्वादोन फूट लांब भरला. कांद्याला याचा अर्थ काय? तेवढ्याच गोण्या एक थर खाली बसतात. खालच्या गोणीवर दाब कमी आणि वर ताडपत्रीखाली हवेला जागा. नागपूरला गोण्या ओतल्या, की तळाचा दबलेला कांदा दुसऱ्या गाड्यांपेक्षा कमी निघायचा. आडत्याही हे बोलून दाखवायचा. शेतमालाला लांब हौदा आणि कमी थर हे गणित आजही खरं आहे, गाडी कोणतीही घ्या.

बाकी हिशेब असा. भरल्या गाडीला लिटरला साडेतीन किलोमीटर पडायचे, घाटात त्याहून कमी. वर्षात एकदा पुढचे पाटे तुटायचे, कारण पुढं वजन जास्त. टायर रिमोल्ड. रस्त्यावर बंद पडली तर माल दुसऱ्याच्या गाडीत भरायचा, म्हणजे हमाली दोनदा आणि भाडं दोनदा. चार वर्षांत घरात खरं किती आलं ते वहीत बघितलं. दोघांची मजुरी धरली तर तिसऱ्या वर्षी थोडं शिल्लक, बाकी तीन वर्षं बरोबरी नाहीतर तोटा. भाडं वाचतं असं वाटत होतं, ते आम्ही आमच्याच मजुरीतून भरत होतो.

२००४ चा डिसेंबर. दादा एकटा संत्री घेऊन येत होता, क्लीनर नवखा पोरगा. पहाटे चारच्या सुमारास रस्त्यात एक बिघडलेला ट्रक उभा. मागं लाल दिवा नाही, रेडियम नाही, दगड तेवढे लावलेले. दादाने ब्रेक मारला, पण गाडी त्याच्या फाळक्यावर जाऊन चेपली. चपट्या गाडीत बंपरच्या मागं एक पत्रा आणि पत्र्याच्या मागं गुडघे. क्लीनर उडी टाकून वाचला. दादाला बाहेर काढायला पावणेदोन तास लागले, गॅस कटर आणावा लागला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा होता.

मी कैक वर्षं म्हणत राहिलो, नाकाची गाडी असती तर पाय वाचला असता. कदाचित वाचला असता, इंजिन आधी लागलं असतं. पण नुसतं नाक हे पूर्ण उत्तर नाही, हे नंतर कळलं. त्या काळी बहुतेक ट्रक कंपनीतून पूर्ण यायचेच नाहीत. चेसिस, इंजिन आणि पुढचा पत्रा एवढंच यायचं. उघड्या चेसिसवर फळी नाहीतर खुर्ची बांधून, तोंडाला फडकं गुंडाळून ड्रायव्हर ती शेकडो किलोमीटर हाकत न्यायचे, ते तुम्हीही पाहिलं असेल. केबिन बांधायचा गावचा नाहीतर शहरातला मिस्त्री. लाकडी सांगाडा, वरून पत्रा, आत रेक्झिन आणि देवाचा फोटो. ती केबिन किती धडक सोसेल हे कुणी तपासलं नव्हतं. आमच्या गाडीची केबिन उघडली तेव्हा खालचं लाकूड कुजलेलं निघालं. वरून रंग झकास होता. मी स्वतः दर दसऱ्याला त्या रंगावर हार घातला होता आणि लाकडाला एकदाही टोचून बघितलं नव्हतं.

युरोपातही गाड्या चपट्याच आहेत, पण तिथं केबिन पोलादी असते आणि कारखान्यातच तपासून बाहेर पडते. म्हणजे दोष एकट्या चपट्या तोंडाचा नाही. लांबीचा फायदा मालाला दिला आणि त्या बदल्यात माणसाला जे द्यायला हवं होतं ते दिलं नाही. आता आपल्याकडेही कंपनीची केबिन, केबिनच्या मजबुतीचे नियम, पट्टे आले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. ज्या झाकणावर माझी पोटरी भाजली त्यावर आता गार हवा येणार. चांगलंच आहे, ३५ वर्षं उशिरा असलं तरी.

जुन्या गाड्यांची वाट आता आणखी अरुंद आहे. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. १५ वर्षांनंतरच्या फिटनेसची फी २०२२ पासून कित्येक पटींनी वाढली. १३ वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या हातात स्वस्तातली दोनच वर्षं आहेत.

काल रात्री पुतण्याला जवळ बसवून हेच सांगितलं. दादा बाजूला खाटेवर होते. म्हटलं, घ्यायचीच असंल तर आधी एवढं बघ.

एक, केबिन कंपनीची आहे का बांधलेली? बांधलेली असंल तर सीट काढून खालचं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरने टोच. रंगाकडं बघू नको. दोन, पुढच्या एक्सलचे पाटे आणि किंगपिन मेकॅनिकला वर उचलून दाखव. चपट्या गाडीचं आयुष्य तिथं संपतं. तीन, इंजिन बंद करून ब्रेकची हवा किती वेळात उतरते ते घड्याळ लावून बघ. चार, फिटनेस, टॅक्स, जुने चलान, कर्जाचा बोजा हे सगळं आरटीओच्या नोंदीत बघ, मालकाच्या तोंडचं धरू नको. पाच, वर्षाच्या फेऱ्या लिही आणि त्यात स्वतःची मजुरी धर, घरची म्हणून सोडू नको. आणि मागचे लाल दिवे, रेडियम पट्टी आणि तिकोनी बोर्ड पहिल्या दिवशी घे. ते आपल्यासाठी नाहीत, मागून येणाऱ्यासाठी आहेत.

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "मग तात्या, भाडं असंच देत राहायचं का?"

प्रश्न खोटा नाही. भाडं परवडत नाही हे खरंच आहे, म्हणून तर दादा त्या गाडीत चढले होते. मी म्हटलं, आपल्या शिवारातले आठ-दहा जण मिळून एका दिवशी भरणी करू, एकाच नव्या मोठ्या गाडीला पूर्ण माल देऊ, आणि येतानाचा माल नागपूरकडून आपणच आधी ठरवून देऊ. गाडीवाला रिकामा येणार नसंल तर भाडं उतरवतो. मी गाडी चालवलीय, मला ते गणित माहिती आहे.

दादा एवढंच बोलले, "आधी वही आण. चार वर्षांची वही त्याला वाचू दे."

वही सकाळी माळ्यावरून काढून दिली. अजून वाचतोय. काय ठरलं ते पुढच्या टिपणात लिहीन. तुमच्याकडं कुणी जुनी गाडी शेतमालासाठी वापरत असंल आणि मजुरी धरून हिशेब ठेवला असंल, तर जरूर कळवा. आमची वही चार वर्षांचीच आहे.